दगडाला सुटलेला घाम

एका राज्यात उग्रकेतू नावाचा राजा होता. राज्य मोठं, वाडा उंच, पण राजाला उन्हाळा सोसवत नसे. त्याच्या पदरी काळजंघ नावाचा जादूगार. त्यानं राजाच्या तळघरात एक शिशाची पेटी आणून ठेवली, आणि तेव्हापासून भर चैत्रात राजा तळघरात शाल पांघरून निजू लागला. पेटीत काय, ते राजा जाणे नि जादूगार जाणे. लोक म्हणत, खजिना.

पेटी आली त्याच सालापासून पाऊस येईनासा झाला. वारा यायचा, निळ्या डोंगरावरून कोराच निघून जायचा. नगराबाहेरचं तळं आटत चाललं. तळ्याचा राखणदार होता गोमा, त्याची बायको पुतळा. गोमा काठी बुडवून पाणी मापायचा, रोज काठी थोडी जास्त कोरडी निघायची, आणि तो भाबडा ते रोज राजाला जाऊन सांगायचा. एक दिवस राजा संतापला.

"पहाऱ्यावर तू, आणि पाणी जातं कुठं?"

"ठाऊक नाही, महाराज. कुणी घागर बुडवताना दिसत नाही."

"म्हणजे चोर तूच."

जादूगार तळघरात उतरला, पेटीतून मूठभर काहीतरी घेऊन आला, गोमाच्या अंगावर फेकलं. गोमा चौकात उभ्या जागी दगड झाला. विनवणीला पुढं केलेला उजवा हात तसाच राहिला.

पुतळा पिठाच्या हातांनी धावत आली. नवऱ्याला हात लावला तर असा गार, की चटका बसावा.

"महाराज, माझा धनी चोर नाही."

"मग चोर दाखव. माल कुठं लपवलाय ते दाखव. आणि तो परत आण. तीन गोष्टी कर नि नवरा घेऊन जा. नाही जमल्या, तर हा दगड माझ्या हौदाची पायरी होईल."

पुतळा तळ्याकाठी जाऊन रडत बसली. तिथं एक टिटवी राहत असे. टिटवी बोलायची, पण तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, म्हणून बोलायची ती फणकाऱ्यानंच.

"आता रडतेस होय? पाणी चाललंय म्हणून मी कधीची ओरडतेय. तुमचं आपलं, टिटवी ओरडली, अपशकुन झाला, हाणा खडा!"

"चुकलं ग बाई आमचं. चोर कोण, ते सांग."

"पाणी जिथून हटलं, तिथं काठावर काय राहिलंय, ते चाटून बघ."

काठावर पांढरी रेघ होती. पुतळानं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट!

"घागरीनं नेणारा खार मागं ठेवून नेईल का ग?" टिटवी म्हणाली.

पुतळानं परातभर तळ्याचं पाणी नेलं आणि राजाच्या चौकात उन्हात ठेवलं. चौकात पहारा होता, परातीला कुणी शिवलं नाही. दुपार कलेपर्यंत परात कोरडी, तळाशी पांढरा थर.

"माणसानं नेलं असतं, तर खारासकट नेलं असतं," पुतळा म्हणाली. "नुसतं पाणी निवडून नेणारा एकच आहे, महाराज. ऊन."

"म्हणजे सूर्याला बेड्या घालू म्हणतेस?" राजा हसला. राजा हसला म्हणून दरबारही हसला. "बरं, चोर मानला. माल कुठं आहे?"

पुतळा पुन्हा टिटवीकडे गेली. टिटवी म्हणाली, "तुझ्या चुलीवर भाजी शिजते कशी? झाकणावर पाणी का ठेवतेस?"

पुतळाची आई ठेवायची, म्हणून पुतळा ठेवायची. का, ते कधी मनात आलं नव्हतं. तिनं चौकात चूल मांडली, पातेल्यात पाणी उकळलं. वाफ वर गेली, हातभर दिसली, मग दिसेनाशी झाली. मग पातेल्यावर ताटली ठेवून तीत पाणी ओतलं. थोड्या वेळानं ताटली अलगद उचलून राजापुढं धरली. खालच्या अंगाला थेंबच थेंब लोंबत होते.

"वाफ दिसेनाशी झाली म्हणून संपली नाही, ती हवेत मिसळली. इथं गार ताटली आडवी आली, तिला टेकून वाफेचं परत पाणी झालं. तळ्याचं पाणीही असंच हवेत आहे, महाराज. आत्ता तुमच्या मिशांना लागून आहे."

राजाचा हात नकळत मिशांकडे गेला. आणि त्याचवेळी त्याची नजर दगडावर पडली. चौकात वाफ कोंदली होती, आणि दगडाचा गोमा घामेजला होता. हनुवटीवरून धार लागून छातीवर उतरत होती.

"बघा, महाराज!" जादूगार ओरडला. "दगड पाझरतोय. चोरलेलं पाणी याच्याच पोटात आहे!"

"फोडा," राजा म्हणाला.

पाथरवटानं घण घातला. पुढं केलेला हात मनगटापासून तुटून खाली पडला. तुटल्या जागी ठणठणीत कोरडा दगड.

"आणखी आत असेल," जादूगार म्हणाला. "छाती फोडा."

पुतळा दगडाला जाऊन बिलगली. "थांबा! तळघरातलं गार पाणी मला तांब्याभर द्या. मग काय फोडायचं ते फोडा."

तांब्या आला. पुतळानं तो बाहेरून कोरडा पुसला, आणि आपल्या कपाळाचं कुंकू बोटानं निपटून त्यात कालवलं. सवाष्णीनं कुंकू पुसलं, बायकांनी तोंडाला पदर लावले. आतलं पाणी लाल झालं. जरा वेळानं तांब्याच्या बाहेर थेंब धरले.

"पुसून बघा, महाराज. आतून पाझरलं असतं, तर लाल आलं असतं."

राजानं तांब्या हातात घेऊन बोट फिरवलं. बोटाला स्वच्छ पाणी लागलं.

"हे बाहेरच्या हवेतलं पाणी, गार तांब्यावर बसलेलं. माझ्या माणसाच्या अंगावरचंही तेच आहे."

पाथरवटानं घण खाली ठेवला. तो त्यानं पुन्हा उचलला नाही.

तेवढ्यात सज्ज्यावर येऊन टिटवी ओरडली, "पण एवढ्या उन्हाळ्यात पाणी इतकं गार कसं, ते विचार की तुझ्या राजाला!"

पुतळानं राजाकडे पाहिलं. राजानं मान खाली घातली. तेव्हा पेटीत काय आहे ते तिला कळलं, आणि गोमा इतका गार का, तेही कळलं.

"निळा डोंगर ही आमची ताटली होती," ती म्हणाली. "वाफ वर जायची, डोंगराच्या गारव्यात ढग व्हायची, पाऊस होऊन आमची आम्हांला मिळायची. ऊन काही चोर नाही, ते नेतं ते परत द्यायला. तुम्ही डोंगराचा गारवा काढून घेतलात नि पांघरून निजलात."

ती तळघरात उतरली, मागोमाग राजा. जादूगार पेटीपुढं आडवा झाला. "महाराज, उद्यापासून तुम्हांला उकडेल!"

राजानं हातातल्या तांब्याकडे पाहिलं. "उघड, बाई."

पुतळानं झाकण उचललं. गारवा सुटला, वाटेत उभ्या जादूगाराला दगड करून पार झाला, आणि थेट निळ्या डोंगरावर जाऊन बसला. संध्याकाळी डोंगरावर ढग धरला. सकाळी तळ्यात नवं पाणी होतं. तिसरी गोष्ट झाली. हौदाला पायरी मिळाली, ती जादूगाराची.

गोमाच्या अंगातला गारवाही निघाला. त्यानं डोळे उघडले.

"तू निर्दोष आहेस," राजा म्हणाला.

"ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, महाराज."

"पुतळाबाई, काय हवं ते मागा."

पुतळानं जमिनीवरचा हात उचलला. शाप उतरण्याआधी तुटला होता, म्हणून तो दगडाचाच राहिला होता.

"एवढा जोडून द्या," ती म्हणाली.

राजानं कपाळाचा घाम पुसला. त्याला फार उकडत होतं.

पुढं सालोसाल पाऊस झाला, तळं भरलं, राज्याची घडी बसली. गोमा डाव्या हातानं काठी बुडवतो. दगडाचा हात तळ्याच्या बांधावर ठेवलेला आहे, आणि पहाटे त्यावर थेंब येतात. पोरं विचारतात, "पुतळाकाकू, हात रडतो का ग?"

"रडेल कशाला? हवेतलं पाणी गार दगडावर बसतं, एवढंच," ती म्हणते, आणि पदरानं हात पुसते.

पुसते, आणि दुसऱ्या पहाटे ते परत आलेलं असतं.