छप्पर अंगणात उतरलं

“छपरावर पाऊल टाकायचं नाही! शिडी लावायची नाही! छपरावर पाण्याचा थेंब ओतायचा नाही! एकही कौल फुटता कामा नये! आणि आठ दिवसांत राजवाड्याचं छप्पर लख्ख दिसलं पाहिजे!”

सोनवडीच्या राजेसाहेबांनी भर दरबारात मला हे फर्मावलं आणि मिशीला पीळ दिला. मी धाकू, राजवाड्याचा शाकारणीवाला. दर उन्हाळ्यात छपरावरचं शेवाळ नि पालापाचोळा काढायचा आणि कौलं नीट बसवून द्यायची, हे आमचं पिढीजात काम.

“आणि नाही जमलं तर?” मी चाचरत विचारलं.

“तर काम गेलं, कामापोटी मिळालेलं घर गेलं, आणि तूही गेलास गावाबाहेर!” दिवाणजी म्हणाले.

दिवाणजींचा माझ्यावर राग होता, आणि तो रास्तच होता. गेल्या वर्षी माझ्या तिघा मेहुण्यांनी छपरावर असा धुडगूस घातला की दोनशे कौलं फुटली. एक तर थेट दिवाणजींच्या पगडीवर पडलं. वर ओतलेलं पाणी फटीतून राजेसाहेबांच्या बिछान्यात उतरलं, ते वेगळंच.

“तेव्हा तू काय करत होतास रे?” राजेसाहेबांनी विचारलं.

“देखरेख, राजेसाहेब!”

खरं सांगू? मला उंचीची भीती वाटते. हसा, हसा! वडील माझे माकडासारखे सरसर चढायचे. मी ओट्यावरून उतरतानासुद्धा खांब धरतो. पण अंगणात कमरेवर हात ठेवून ‘जरा डावीकडे घे! अरे, डावीकडे!’ असं ओरडत राहिलं की लोकांना वाटतं, काय कसबी माणूस आहे! वीस वर्षं मी याच ओरडण्यावर जेवलो.

घरी आलो तर बायको, सगुणा, दारातच उभी. “काय दिवे लावून आलात?”

मी सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. या घरात तिची दोन बाळंतपणं झाली होती. “हे घर गेलं तर मी काय तुमच्या मोठेपणाच्या छपराखाली राहू?” असं म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मग मी डोकं चालवलं. म्हणजे जे काही होतं ते! लांब बांबूला झाडू बांधला आणि गोठ्याचं छप्पर अंगणातून खालून वर घासून बघितलं. आता कौलं असतात एकमेकांवर नुसती टेकवलेली. खालून वर झाडू गेला तर ती उचकटणारच! शाकारणीवाल्याच्या घरातल्या शेंबड्या पोराला कळतं, ते मला तीन कौलं फुटल्यावर कळलं. एक म्हशीच्या पाठीवर पडलं. म्हशीनेही माझ्याकडे अगदी दिवाणजींसारखंच बघितलं.

तीन दिवस असे वाया गेले. चौथ्या दिवशी चुलीपुढे डोकं धरून बसलो होतो, तर वरून उन्हाची तिरीप थेट भाताच्या टोपात पडली.

“मेलं मांजर! कौल सरकवलंन् परत,” सगुणा म्हणाली. तिने कोपऱ्यातली काठी घेतली, आतूनच कौल ढकलून जागेवर बसवलं आणि पुन्हा भात ढवळायला लागली.

“अगं, हे तू वर न चढता केलंस?”

“इश्श! तेवढ्यासाठी वर कोण चढतंय? गावातल्या सगळ्या बायका आतूनच सरकवतात. तुमची वाट बघत बसलो असतो तर दर पावसाळ्यात चूल विझली असती.”

“आतून!” मी असा ओरडलो की मांजर पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पलटण राजवाड्याच्या माडीवर! मेजं मांडली, त्यावर मेहुणे उभे केले. ते आतून एकेक कौल अलगद सोडवायचे, मी खाली टोपलीत घ्यायचो. पायाखाली जमीन असली की माझ्याइतका शूर कोणी नाही. अंगणात सगुणा आणि तिच्या जावा काथ्याने शेवाळ घासत होत्या, कौलं धूत होत्या, उन्हात मांडत होत्या.

दुपारी राजेसाहेब जेवणाच्या गुंगीत महालात येऊन आडवे झाले. वर बघतात तर निळंभोर आकाश!

“छप्पर! माझं छप्पर चोरीला गेलं!”

मला दरादरा ओढत अंगणात आणलं. “कुठाय छप्पर?” राजेसाहेब गरजले.

“हे काय, आंघोळ करून ऊन खात बसलंय! मी छपरावर चढायचं नाही म्हणालात. मग छप्परच खाली बोलावलं!”

“आणि हे पाणी?” दिवाणजी ओरडले.

“छपरावर ओतायची बंदी आहे, दिवाणजी. हे अंगण आहे.”

राजेसाहेबांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी हसू दाबलं. “आठव्या दिवशी बघतो तुला!”

आठव्या दिवशी सगळी कौलं आतूनच पुन्हा बसली होती. छप्पर नव्यासारखं लालचुटूक! दिवाणजी फुटकं कौल शोधत राजवाड्याभोवती तीन फेऱ्या घालून हात हलवत परत आले.

“धाकू, एवढी अक्कल तुला आली कुठून?” राजेसाहेबांनी विचारलं.

आता भर दरबारात खोटं बोलवेना. “राजेसाहेब, अक्कल बायकोची, भीती माझी. मला उंचीवर घेरी येते. वीस वर्षं मी कुठल्याच छपरावर चढलेलो नाही!”

दिवाणजी पुढे सरसावले. “ऐकलंत? छपराला भिणारा शाकारणीवाला! काढा याला!”

“काढा खुशाल,” मी म्हणालो. “पण दिवाणजी, गेल्या वर्षी वर गेलेले तिघेही शूर होते. तुमच्या पगडीला विचारा!”

राजेसाहेब असे हसले, असे हसले, की त्यांना सिंहासनाचा हात धरावा लागला. “घर तुझं, काम तुझं, पिढ्यान्‌पिढ्या! सगुणाबाईंना सोन्याच्या पाटल्या! आणि आजपासून तू आमच्या दरबारचा भित्रा मानकरी. शूर इथे पैशाला पासरी आहेत!”

मी आनंदाने उडी मारली. वीतभरच मारली.