माती लागलेला हात

"चाळीस धडधाकट गडी माझी फुकटची भाकर खात्यात, आन् तिकडं माझा बंधारा मानसांविना पडलाय!" अन्नछत्राच्या दारात राजा कडाडला. "आळशी लेकाचे!"

चुलीपुढं भाकरी थापनारी ठकू तडकली. तिचा नवरा भिवा त्या चाळिसातलाच.

"आळशी न्हाईत, म्हाराज! तुमचा कोठीचा कारभारी दारात बसून हात तपासतो. माती दिसली की म्हनतो, 'काम केलंस? जा, म्हैनाभर भाकर बंद!' बंधाऱ्यावर आज काम तर उद्या न्हाई, आन् मजुरी एक पैसा. एका पैशापायी म्हैन्याची भाकर घालवायला मानूस काय येडा हाय?"

"लई जीभ चालती गं तुजी! उद्या दुपारपतुर चाळीसच्या चाळीस बंधाऱ्यावर पायजेत. चाबूक उगारायचा न्हाई, कोठीतला दाना वाढवून मिळायचा न्हाई. जमलं न्हाई, तर तू चुलीवरनं आन् तुजा नवरा गावातनं भायेर!"

"जमवते. फकस्त उद्या दारात मी बसनार."

कारभारी फिदीफिदी हसला.

दुसऱ्या दिशी दुपारी राजा येतोय तर काय! बंधारा कमरेएवढा चढलेला, आन् चाळीस गडी कोपरापतुर चिखलात माखून पंगतीला!

"केलंस काय गं?"

"काय बी न्हाई! सकाळी भिवाला सांगितलं, समद्यांस्नी घिऊन जावा, भाकर बंद व्हनार न्हाई. आन् दारात बसून कुनाचाच हात बघितला न्हाई."

कारभारी किंचाळला, "मजुरी बी आन् भाकर बी? म्हाराज, लूट हाय ही!"

"कारभारीदादा, तुमी पगार घिऊन वर राजवाड्यात जेवता, तवा तुमचा हात कोन बघतं हो?"

राजा गालात हसला, पन हट्ट सोडंना. "दाना वाढला न्हाई, मान्य. पन ही फुकटची खोड सुटायची कवा?"

"रोज काम द्या, आपसूक सुटंल. घरची चूल पेटल्यावर हितं कोन मरायला येतंय?"

"कशावरनं?"

ठकूनं भाकर पुढं धरली. "खाऊन बघा की!"

राजानं घास चावला. कर्रर्र! निम्मा कोंडा, निम्मी वाळू. ठसका लागला, डोळ्यांतनं पानी आलं.

"अगं बये, भाकर हाय का भिताड!"

"थापते मी, म्हाराज. पीठ कारभारीदादांच्या कोठीतलं!"

आन् राजा पोट धरून हसत सुटला.

चाळीस जनांस्नी बंधाऱ्यावर बारमाही चाकरी लागली. ठकूला लुगडं-चोळी आन् कोठीच्या किल्ल्या. आन् कारभारी? त्यो बसला जात्यावर, पीठ दळत आन् चाळत!