रूबेनच्या दगडावरचा शब्द

“तो शब्द तुम्ही सांगितलात कोरायला?”

पाळकबाबांनी मान वर केली. ते पडवीत बसून तांदूळ निवडत होते.

एस्तेर मकासरे फाटकापासूनच बोलत आली होती.

“बस,” ते म्हणाले.

“बसायला नाही आले मी. कबरस्तानात दगडवाल्याला थांबवून आलेय. रूबेनचं नाव कोरून झालंय त्याचं. खाली म्हणे ‘ख्रिस्तात नीतिमान’ कोरायचंय. कोणी सांगितलं विचारलं, तर तुमचं नाव घेतो.”

“मीच सांगितलं.”

“का?”

“तो होता म्हणून.”



पाळकबाबा म्हणजे हनोक वाघचौरे, त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे जुने पाळक. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे. एस्तेर बारा वर्षांची असताना त्यांच्या शास्त्राच्या वर्गात बसली होती. पुढे छत्तीस वर्षं तिने मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली, पण काही अडलं की ती याच पडवीत यायची.

रूबेन तिचा धाकटा भाऊ. दारूने गेला. त्याला मातीत ठेवून दहा दिवस झाले होते.

“पाळकबाबा, गाव हसेल.”

“हसू दे.”

“आई गेली तेव्हा तो गुत्त्यावर होता. माणसं पाठवून उचलून आणावा लागला. बायकोला हाकललं. लेक त्याचं नाव लावत नाही. वीस वर्षांत उपासनेला देवळाची पायरी चढला नाही. हा नीतिमान?”

“हो.”

“आणि तुमचं हे ‘हो’ एवढंच?”

“आणखी काय म्हणू?”

एस्तेर खाली बसली. त्यांच्या पुढ्यातलं सूप ओढून तिने तांदूळ निवडायला घेतले.

“ठेव ते,” पाळकबाबा म्हणाले.

“तुम्हाला दिसत नाही नीट. खडे राहतात.”

“माझे मी खाईन. ठेव.”

तिने ठेवलं नाही. तिची बोटं भराभर चालत होती.

“आईचं सात वर्षं केलं मी. मग वडिलांचं. लग्न केलं नाही. दर वर्षी चाळीस दिवसांचा उपास धरते, एकदा मोडला नाही. टायफॉइडमधून उठले त्या वर्षीसुद्धा नाही. रविवारची शाळा तीस वर्षं घेते. आणि शेवटचे पाच महिने याचं हगणंमुतणं काढलं, ते कोणी? मीच.”

“ठाऊक आहे मला.”

“मग मी मेल्यावर माझ्या दगडावर काय कोरणार तुम्ही?”

“तुला काय हवं?”

“तोच शब्द.”

“जमणार नाही.”

तिची बोटं थांबली.

“का नाही जमणार?”

“तुझ्या दगडावर तुझी सगळी कामं लिहावी लागतील, एस्तेर. आता सांगितलीस ती. त्या शब्दाला जागा उरायची नाही.”

ती ताडकन उठली आणि डावा पाय टेकताच कळवळून पुन्हा बसली.

“पायाला काय झालं?”

“काही नाही.”

“लंगडत आलीस. फाटकापासून बघतोय.”

“काटा गेलाय. कबरस्तानात बाभळी माजल्यात नुसत्या. चपलेतून आत गेला. बघीन घरी जाऊन.”

“दाखव.”

“मी नर्स आहे, पाळकबाबा.”

“मग काढ.”

तिने पाय मुडपला, मान वाकडी केली. काटा टाचेच्या पार मागे, आत रुतलेला. नखाने ओढू पाहिला, तो आणखी आत मोडला. पुन्हा वाकली. अठ्ठावन्न वर्षांची कंबर तेवढी वाकेना.

“हजार लोकांचे काढलेत मी,” ती चिडून म्हणाली.

“काढले असशील.”

पाळकबाबांनी सदऱ्याला लावलेली सेफ्टी पिन काढली. चष्मा पुसला. स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

“पाय दे.”

“भलतंच काय. तुमच्या मांडीवर पाय ठेवू मी?”

“मग कुठे ठेवशील? मला खाली वाकता येत नाही.”

“नको. वरच्या आळीतल्या रूथला सांगेन. ती काढील.”

“तिथवर चालत जाशील?”



“ज्या माणसाने मला वचनं शिकवली त्याच्या अंगाला पाय लावायचा… नाही जमणार मला.”

“‘तारण कृपेने, कर्मांनी नव्हे’ हे वचन पाठ म्हणून तू जिल्ह्यात पहिली आली होतीस,” पाळकबाबा म्हणाले. “आठवतं?”

“अजून पाठ आहे.”

“तेच तर दुखणं आहे.” त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. “पाय दे, बाई. माझाही जीव आता थकलाय.”

तिने दिला. साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली, तोंड भिंतीकडे केलं.

पाळकबाबांनी काटा चाचपला. पिन दोनदा भलतीकडे टोचली. एस्तेरने दात आवळले.

“मी असते तर एका मिनिटात काढला असता.”

“हलू नको.”



“तो जायच्या आधी तुम्ही त्याला प्रभुभोजनाची भाकर दिलीत,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “मी स्वयंपाकघरात होते. काय केलं त्याने? रडला? कबूल केलं सगळं?”

“काही केलं नाही.”

“काहीच नाही?”

“अंगात ताकदच नव्हती. मी विचारलं, घेतोस का. त्याने तोंड उघडलं.”

“एवढंच?”

“एवढंच. मग एक गोष्ट विचारली त्याने.”

“काय?”

“एस्तेर मला माफ करील का, म्हणाला.”

…

“देवाचं नाही विचारलं?”

“नाही. तुझंच विचारलं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

पाळकबाबा टाचेवरून नजर न काढता म्हणाले, “सांगितलं, बाबा, देवाची खात्री मी देतो. एस्तेरची मला देता येत नाही.”

एस्तेरचा पाय आखडला. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.

ती बोलली. आवाज वेगळाच लागला होता.

“तो हात पुढे करायचा. शेवटचा आठवडाभर. बोलायचा नाही, नुसता हात करायचा माझ्याकडे.”

“मग?”

“मी चादर बदलायचे.”

…

“ओली नसली तरी बदलायचे.”

 पिन जरा खोल गेली. एस्तेरच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाने आलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

“निघाला,” ते म्हणाले. काळं टोक त्यांनी अंगणात झटकलं आणि धोतराच्या सोग्याने टाचेवरचं रक्त दाबून धरलं.

तिच्या पिशवीत फोन वाजला. दगडवाला होता. त्याचा आवाज पडवीभर ऐकू येत होता.

“बाई, ऊन चढलंय. किती वेळ थांबू? खालची ओळ कोरायची का तेवढं सांगा.”

एस्तेरने पाळकबाबांकडे पाहिलं. ते पिन पुसण्यात गुंतले होते. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

“बाई?”

“कोरा,” ती म्हणाली.

“शब्द तोच ना? मघाशी तर तुम्ही…”

“तोच.”

तिने फोन पिशवीत टाकला. पदर तोंडाला लावला आणि पाळकबाबांसमोर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने रडली. अंगणात कोंबड्या हिंडत होत्या. पाळकबाबा बसून राहिले. त्यांनी तिला गप्प केलं नाही, समजूतही काढली नाही.

रडणं ओसरलं तशी तिने डोळे पुसले. पाठ ताठ केली.

“तो तर गेला. हात धरायचा राहिला तो राहिलाच.” तिने नाक ओढलं. “याचं मी काय करू? किती उपास धरू? सांगाल तेवढे धरते.”

पाळकबाबांनी कपाळावर हात मारून घेतला.

“शेहेचाळीस वर्षं,” ते कोंबड्यांकडे बघत म्हणाले. “शेहेचाळीस वर्षं शिकवतोय हिला.”

“पण काहीतरी करावं तर लागेल ना, पाळकबाबा?”

मग तिचं लक्ष गेलं. तिचा पाय अजून त्यांच्या मांडीवरच होता. ती दचकली, घाईघाईने ओढून घ्यायला गेली.

“राहू दे,” पाळकबाबा म्हणाले. “मी काही म्हणालो का?”