शेळीने न वाचलेला फळा

हिमाचलातल्या एका स्की रिसॉर्टवर रोज सकाळी बर्फ मोजायचं काम खेमदेईकडे होतं. उतारावर तीन ठिकाणी काठी रोवायची आणि किती बर्फ आहे ते फळ्यावर लिहायचं. तो फळा वाचूनच लोक पायांत स्की चढवत.

त्या वर्षी बर्फ नावालाच पडला होता. काठी जेमतेम चार बोटं आत जाई. अशात एके दिवशी नाशिकहून चाळीस जणांची तुकडी येणार होती.

"चार फूट लिही," मॅनेजर लखनपाल गुरकावले.

"साहेब, खाली दगड आहेत. कुणाचा तरी पाय मोडेल."

"लिहितेस, की उद्यापासून घरी बसतेस?"

खेमदेईने मुकाट्याने चार फूट लिहिलं. मग घरी जाऊन तिने आपली शेळी उतारावर सोडली.

तुकडी आली. लखनपाल ऐटीत फळा दाखवू लागले. तुकडीच्या प्रमुख इरावतीबाई मात्र उताराकडे बघत होत्या.

"ती शेळी तिथे काय खातेय?"

"गवत," खेमदेई म्हणाली.

"चार फूट बर्फाखालचं?"

लखनपालांनी घाईने हात झटकले. "मोजमाप हिचं आहे. हिलाच विचारा!"

खेमदेई शांतपणे म्हणाली, "मोजमाप माझं, आकडा साहेबांचा. पण बाई, शेळीला फळा कुठे वाचता येतो? ती बिचारी अजून चार बोटंच बर्फ आहे असं समजून चरतेय."

चाळीसही जणांनी स्की खाली ठेवल्या. फळा लखनपालांनी स्वतःच्या मफलरने पुसला.