पाणवठ्यावरचा इतिहास

प्राणी नुकतेच लिहू-वाचू लागले होते, त्या काळची गोष्ट. काशाबा साळिंदराने आयुष्य खर्ची घालून रानात कोण कुठून आलं याचा इतिहास लिहिला आणि कोणालाही वाचता यावा म्हणून पाणवठ्याजवळच्या खडकावर ठेवला.

काही दिवसांनी भिवरा ससीण आली. "काशाबा, आमचे पूर्वज लांडग्यांना भिऊन इथं आले, असं लिहिलंय तुम्ही. ते पुरामुळं आले. त्यांची जुनी बिळं अजून गाळानं भरलेली आहेत. चला, दाखवते."

काशाबाचे काटे उभे राहिले. चारचौघांत चूक निघाली होती. तरी तो गेला, गाळ पाहिला आणि परत येऊन ते पान नव्याने लिहायला बसला.

फांदीवरून घुबडशास्त्री म्हणाले, "ग्रंथ असा उघड्यावर ठेवला की हेच होणार. माझा ढोलीत आहे. त्यात आजवर कोणाला एकही चूक सापडलेली नाही."

"कोणी कोणी वाचलाय?" भिवरेने विचारलं.

"वाचायला अजून कोणाला दिलेला नाही."

काशाबाने शाईत काटा बुडवला. "बरं भिवराबाई," तो म्हणाला, "पुराच्या आधी तुमची मंडळी कुठं राहायची?"