माळसिद्धाच्या गळ्यातली बारकी कणसं

पाव्हणं, माळेकडं बघून हसलात ते मी पाहिलं. हसा, देवाला राग नाही. खडकमाळच्या या माळसिद्धाच्या देवळात सुगीच्या दिवसांत जो येतो तो हेच विचारतो. चहूकडं शाळवाची रानं, ज्वारीचं एकेक कणीस मुठीत मावत नाही, आणि देवाच्या गळ्यात मात्र ही अंगठ्याएवढी, उंदरानं टाकल्यासारखी कणसं? गुरवानं चांगली घरी नेली की काय, असंही काहींच्या मनात येतं. गुरव मीच. तेव्हा बसा, पाणी प्या, आणि ऐकून घ्या.

पूर्वी, म्हणे, इथं उलटी रीत होती. कापणी लागायच्या आधी घरचा कर्ता रानात शिरायचा, सगळ्यांत टपोरी कणसं पाटीभर खुडायचा आणि देवाला वाहायचा. माळ उतरली की ती कणसं गुरवाच्या जात्यात जायची. राहिल्यातलं बरं ते पै-पाहुण्याला, मग घरच्या भाकरीला. धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवायचे, आणि वर्षभर खाऊन पेवाच्या तळाशी जे उरेल ते पुढच्या साली पेरायचे.

साल-दरसाल कणीस बारीक होत चाललं. लोक म्हणत, देव रुसला. देव रुसला म्हणून पुढच्या सुगीला आणखी निवडून द्यायचे, एका पाटीच्या दोन पाट्या झाल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत. शेवटी पेरलं तेवढंही परत येईना. दोन घरं बिऱ्हाड बैलावर लादून भीमेपलीकडं निघून गेली.

त्या वेळी गावात केराबाई नावाची एक सून होती. माहेर धनगराचं, सासऱ्यानं मात्र मेंढरं सोडून रान धरलेलं. नवरा सिद्राम गरीब गाय, पदरात दोन लेकरं. एका सुगीला सिद्राम देवासाठी कणसं खुडायला लागला आणि केराबाईला आपला बाप आठवला. बाप जत्रेला मेंढा द्यायचा, पण कळपातला सगळ्यांत देखणा मेंढा कधी द्यायचा नाही. म्हणायचा, हा गेला तर पुढच्या साली कोकरं कुणावर जातील? केराबाई बांधावरच थांबली. आपण इतकी वर्षं शाळवाचा चांगला मेंढा कापतोय आणि मरतुकडा कळपात ठेवतोय, हे तिला तिथं कळलं.

तिनं सिद्रामच्या हातची पाटी घेतली. टपोरी कणसं चुलीवर धुरात टांगली, किडा लागू नये म्हणून, आणि देवाला बारकी नेऊन घातली.

बोंब कुणी मारली? आमच्याच पूर्वजानं. मलकारी गुरव त्याचं नाव. देवाचा अपमान झाला म्हणून तो पारावर जाऊन ओरडला. खरं सांगायचं तर देवापेक्षा त्याचं जातंच जास्त दुखावलं होतं. आपल्याच घरचं आहे, म्हणून झाकून ठेवत नाही.

पंच बसले. बसगोंडा पाटलानं विचारलं, "केराबाई, देवाला असलं कणीस घालताना हात कसा धजला?"

"पाटील, देवाला मी उपाशी ठेवलेलं न्हाई," ती म्हणाली. "बियाला उपाशी ठेवत हुतो, ते थांबवलं."

"आणि देव कोपला तर?"

"तीन पेरण्या द्या मला. रानाची एक पट्टी मी माझ्या बियानं पेरीन. तिसऱ्या सुगीला कणीस वीतभर झालं न्हाई, तर लेकरं यांच्या ओटीत घालून मी बापाच्या मेंढरामागं निघून जाईन. परत या शिवेत पाय ठेवणार न्हाई."

पंचांनी ते मान्य केलं. सिद्राम मात्र तिथंच डोळे पुसायला लागला, असं सांगतात.

पहिल्या सुगीला काहीच झालं नाही. कणसं तशीच, फार तर नखभर मोठी. बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, "केराबाई, मेंढरं हाकायची सवय ऱ्हायली का गं?" ती घागर उचलून घरी यायची. पट्टीतली सगळ्यांत मोठी कणसं उभ्या पिकातच हेरून त्यांना दोरा बांधायची आणि तेवढीच बियाला ठेवायची. दुसऱ्या साली कणीस बोटभर वाढलं. लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या साली पीक निसवलं, कणसं बाहेर पडली, आणि केराबाईनं रानातल्या राखणीच्या माळ्यावर मुक्कामच ठोकला. दिवसभर गोफण घेऊन पाखरं हाकायची. हात चालू, आणि मनात एकच, लेकरं. धाकटीला वेणी कुणी घालणार, थोरल्याला ताप आला तर त्याच्या उशाशी कोण बसणार. सिद्राम भाकरी घेऊन यायचा आणि पट्टीकडं पाठ करून बसायचा. एकदा त्यानं विचारलं, "चुकलं असलं तर गं?"

"चुकलं असलं तर धाकटीला तेल लावत जा, तिचं डोकं कोरडं पडतं," केराबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडली. दुसरं ती काय करणार?

पण चुकलं नव्हतं. दाणा भरला आणि कणसं वाऱ्यावर डुलेनाशी झाली, मोत्यासारख्या दाण्यांनी जागच्या जागी वाकली. पाटलानं स्वतः वीत लावली. वीत संपली तरी कणीस उरलंच. सगळा गाव बांधावर जमला, बायांनी केराबाईची ओटी भरली. मग पाटलानं डोळे मिटून देवळाच्या टेकाडाकडं हात जोडले आणि विळा मागितला.

"देव पावला," तो म्हणाला. "ही सगळी कणसं देवाची. आज माळ अशी घालू की सात गावं बघत ऱ्हातील."

लोकांनी माना डोलावल्या. केराबाई हरली असती तर एकटी गेली असती, आता जिंकून सगळा गाव पुन्हा तिथंच चालला होता. ती विळ्याच्या आडवी उभी राहिली. पाटील म्हणाला, बाजूला हो. ती होईना.

तेव्हा मलकारी गुरव पुढं आला. म्हणाला, "भांडता कशाला? देवालाच विचारू." सगळे देवळात आले. त्यानं माळसिद्धाच्या एका खांद्यावर ओल्या तांदळानं वीतभर कणीस चिकटवलं, दुसऱ्या खांद्यावर अंगठ्याएवढं. जे देवाला नको ते देव खाली टाकील, ते रानाचं, बियाला. थोड्याच वेळात टपोरं कणीस खाली पडलं. बारकं देवाच्या खांद्यावर तसंच राहिलं.

आता शाळेतली पोरं मला सांगतात, आजोबा, जड कणीस आधी पडणारच. अरे बाबांनो, मलकारी जन्मभर कौल लावत आलेला माणूस. त्याला हे ठाऊक नव्हतं होय? टपोऱ्या कणसाची भाकरी त्याच्याच घरची जात होती, आणि चिकटवणारा हातही त्याचाच होता. त्यानं तोंडानं कधी काही कबूल केलं नाही. आम्हीही त्याबद्दल देवाला विचारलेलं नाही.

पाटलानं विळा खाली ठेवला. केराबाईला म्हणाला, "हरलीस तर काय, ते तू बोलली हुतीस. जिंकलीस तर काय पायजे, ते आता सांग."

तिला जमीन मिळाली असती, साडीचोळी मिळाली असती. ती म्हणाली, "बी निवडताना घरच्या बाईला कुणी मधी बोलू नये. एवढंच."

त्या साली केराबाईच्या पट्टीतलं बी ओंजळ ओंजळ करून घरोघरी गेलं. भीमेपलीकडं गेलेली दोन घरंही माघारी आली, असं सांगतात.

आजही खडकमाळमध्ये कापणीच्या आधी घरची बाई हातात दोरा घेऊन उभ्या पिकात शिरते. काल लग्न होऊन आलेली सून असली तरी निवड तिचीच. सासू, सासरा, नवरा, सगळे बांधावर उभे असतात. आमच्याकडच्या सासवा कशा आहेत ते गावात कुणालाही विचारा. पण सुनेनं शेवटच्या कणसाला दोरा बांधून होईपर्यंत त्यांच्यातली एकही तोंड उघडत नाही.