राजाचा सदरा

फ्रान्स देशात राजे राज्य करत होते, तेव्हा तिथे एक सरदार होता. मोठा धाडसी माणूस. सात लढाया लढला. शत्रूच्या तुरुंगातून खिडकीचे गज कापून पळाला. तो कुणालाच भीत नाही, असे लोक म्हणत.

एका लढाईत त्याचा घोडा पडला आणि त्याच्या मांडीत गोळी शिरली. तेव्हा घोडा सांभाळणाऱ्या बातिस्त नावाच्या नोकराने त्याला पाठीवर घेतले आणि छातीभर पाण्यातून नदी पार केली. सरदार वाचला.

लढाया संपल्या. बातिस्त बंदराजवळच्या आपल्या गावी जाऊन कोबी लावू लागला. सरदार राजवाड्यात राहायला गेला.

राजवाड्यात एक रीत होती. सकाळी राजाला सदरा घालायचा मान एका सरदाराला मिळे. बाकीचे दाराशी उभे राहून बघत. सदरा घालणाऱ्याने त्या वेळी काही मागायचे नाही. मागितले की मान गेला, तो पुन्हा मिळत नसे. या मानासाठी आपला सरदार तीन वर्षे दाराशी उभा राहिला. अखेर निरोप आला, उद्या सदरा तुम्ही घालायचा.

त्याच दिवशी बातिस्तची बायको बारा कोस चालत आली. कोबी खाणारे एक हरीण बातिस्तने मारले होते. हरीण निघाले राजाच्या रानातले. बातिस्तला शिक्षा झाली, जन्मभर साखळदंडात गलबताची वल्ही मारायची. गलबत उद्या संध्याकाळी सुटणार होते.

“राजानं मनात आणलं तर सुटतील, सरकार. तुम्ही एवढं सांगा,” बाई म्हणाली.

“उद्या सकाळी राजाच्या सगळ्यात जवळ मीच असेन. तू बंदरावर जा. सुटकेचा कागद घेऊन मी येतो,” सरदार म्हणाला. त्याच्या मनातही तसेच होते. बाई आल्या पावली परत फिरली.

सकाळी सरदाराने सदरा धरला. राजाने बाहीत हात घातला. दाराशी वीस जण माना उंचावून बघत होते.

राजा खुशीत होता. “सरदार, तुमचा चेहरा का असा? काही सांगायचं आहे का?” त्याने विचारले.

शब्द सरदाराच्या ओठावर आला. त्याने दाराकडे पाहिले. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, नंतर एकांतात सांगू, असे त्याने ठरवले.

“काही नाही, महाराज. सदरा छान बसला.”

राजा प्रार्थनेला गेला. तिथून प्रधानांकडे, तिथून शिकारीला. सरदार मागे मागे फिरत राहिला. तिसऱ्या प्रहरी रानात गाठ पडली तेव्हा त्याने सगळे सांगितले. राजाला नवल वाटले. सकाळी मी होऊन विचारले तेव्हाच का बोलला नाहीत, असे म्हणत त्याने तिथेच माफीच्या कागदावर सही केली.

सरदाराने घोडा फेसाळेपर्यंत दौडवला. बंदरावर पोचला तेव्हा गलबत दूर गेले होते. बाई धक्क्यावर बसली होती. राजाने ऐकले नाही का, असे तिने विचारले.

खोटे बोलणे सोपे होते. सरदार तितका हलका नव्हता.

“ऐकलं. लगेच ऐकलं. मीच उशिरा बोललो. सकाळी हातात त्याचा सदरा होता आणि चारचौघे बघत होते.”

बाईने त्याच्याकडे नीट पाहिले.

“मग बसला का सदरा राजाला?” तिने विचारले आणि ती उठून चालू लागली.

सरदार पुन्हा राजवाड्यात गेला नाही. माफीचा कागद घेऊन तो बंदरामागून बंदर हिंडला. चार वर्षांनी ते गलबत सापडले. बातिस्तच्या वल्ह्यावर दुसराच माणूस बसला होता.

तात्पर्य एवढेच: ज्याच्यासाठी बोलायचे, त्याच्यासाठी वेळेवर बोलावे. मरणाला न भिणारी माणसेही मान जाईल म्हणून गप्प बसतात, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला होते.